गाडी निवडायची ती पाड्याकडून

(कार्यकर्ते आणि देणगीदार यांच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



माझा विषय पत्रिकेत वाचून काहींना हसू आले, ते मी पाहिले. वाहन निधी जवळजवळ पुरा झाला आहे, तर सातपुड्यातल्या आपल्या वरच्या केंद्रासाठी कोणती गाडी घ्यावी, हे ताईंनी सांगावे, असे कार्यकारिणीचे म्हणणे पडले. थिऑलॉजीच्या डिप्लोमात गिअरबॉक्सवर धडा नव्हता. पण तळोद्याहून धडगावच्या अंगाने मी चौदा वर्षे वर-खाली करते आहे, त्यातली नऊ स्वतः स्टिअरिंग धरून. ज्यांना वाटते की बाईमाणसाला गाडीतले काय कळते, त्यांनी एकदा जुलैमध्ये माझ्याबरोबर यावे. पुढच्या सीटवर जागा देईन.

मेळाव्याआधी मला दोन पत्रे आली. एका तरुण भावाने लिहिले, "ताई, थार घ्या, दुसरा विचारच नको." दुसरे पत्र एका ज्येष्ठ देणगीदारांचे. त्यांनी विचारले आहे की, सेवेच्या कामाला फोर-बाय-फोरची चैन कशाला? दोन लाखांचे टायर आणि चार लाखांची नुसती मिजास. साधी बोलेरो घ्या आणि उरलेले पैसे मुलांच्या वसतिगृहाला द्या. हे पत्र मी दोनदा वाचले. प्रश्न रास्त आहे आणि पैसा त्यांच्यासारख्यांचा आहे. म्हणून आधी त्यालाच उत्तर देते.

मी आपल्या गाडीची वही काढली. गेल्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, गाडी पाड्यापर्यंत पोचू शकली नाही असे १९ दिवस निघाले. आता नीट ऐका. त्यातले ११ दिवस नाल्याला पूर होता किंवा घाटात दरड आली होती. चांदसैली घाट पावसाळ्यात कसा बंद होतो ते इथल्या कोणाला सांगायला नको. त्या ११ दिवशी जगातली कोणतीही गाडी वर गेली नसती. उरलेले ८ दिवस चिखलाचे आणि निसरड्या चढाचे. त्या ८ दिवशी चारही चाकांना जोर मिळणारी गाडी बहुतेक वर पोचली असती. या ८ पैकी दोन दिवस परत आणायला माणूस होते: एक अडलेली बाळंतीण आणि एक साप चावलेला मुलगा. दोघांनाही झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन, चार किलोमीटर खाली गाडीपर्यंत आणले. दोघेही वाचले. पण मुलाच्या वेळी दोन तास गेले, आणि सर्पदंशात दोन तास म्हणजे काय हे परिचारिका ताईंना विचारा.

म्हणजे फोर-बाय-फोरचा हिशोब हा एवढा आहे. १९ दिवसांचा प्रश्न ती सोडवत नाही, आठांचा सोडवते. ज्याला वाटते की ही गाडी आली की पावसाळ्याची काळजी मिटली, त्याने निधीला एक रुपयासुद्धा देऊ नये, मागाहून वाईट वाटेल. त्या ११ दिवसांवर उपाय गाडीचा नाहीच. सरकारची माहेरघर योजना आहे. दिवस भरत आलेल्या बाईला आधीच खाली प्राथमिक आरोग्य केंद्रात आणून ठेवायचे. आपल्या कार्यकर्त्या पाड्यावर जाऊन आशाताईंबरोबर घरच्यांना राजी करतात, त्याला डिझेल लागत नाही. वेळ लागतो आणि पावरी बोलता यावे लागते.

पण ते ८ दिवस खरे आहेत. म्हणून मी म्हणते, वरच्या केंद्राला फोर-बाय-फोर घ्यावी. आणि खालच्या केंद्राला घेऊ नये. तिथली वाट डांबरी आणि खडीची आहे, तिथे तो पैसा वाया जाईल.

आता कोणती. लोक गाडी शोरूमकडून निवडायला लागतात. आपण पाड्याकडून निवडायची. आपल्या वाटेचे सत्तरेक किलोमीटर बरे आहेत, त्यांचा विचारच करू नका, तिथून रिक्षासुद्धा जाते. शेवटचे ११ किलोमीटर धरा. मुरूम, मग दगड, मग नाला, मग तो उभा चढ जिथे पाण्याने मधोमध घळ पाडली आहे. जी गाडी तिथे सात माणसे घेऊन चढेल आणि, हे जास्त महत्त्वाचे, तिथून शांतपणे उतरेल, ती आपली.

फोर-बाय-फोर म्हणजे नेमके काय, हे थोडे समजून घेऊ, कारण विकणारे मोघम बोलतात. साध्या बोलेरोत इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना जातो. आजकालच्या पुष्कळ दिसायला दांडग्या गाड्यांत तो फक्त पुढच्या दोन चाकांना जातो. चढावर वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि जागीच फिरतात. अशा गाडीची उंची पाहून फसू नका. खऱ्या फोर-बाय-फोरमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, ट्रान्सफर केस. तिच्या दांडीने तीन गोष्टी करता येतात. टू-हाय म्हणजे नेहमीचे चालवणे. फोर-हाय म्हणजे चारही चाकांना जोर, चिखलासाठी. फोर-लो म्हणजे चारही चाकांना जोर, शिवाय वेग निम्मा किंवा त्याहून कमी आणि ताकद त्याच पटीत जास्त.

लोकांना फोर-हायचे कौतुक असते. मला फोर-लो हवे. घळीच्या चढावर गाडी जोरात नेली तर ती उडते, आपटते आणि खालून काहीतरी फुटते. फोर-लोमध्ये पहिल्या गिअरला ती माणसाच्या चालीने, दगडावर पाय ठेवत ठेवत चढल्यासारखी जाते. उतरताना तर विचारूच नका. ओल्या मुरमावर ब्रेक दाबला की चाक अडकते आणि गाडी घसरगुंडी होते. लांब उतारावर सतत ब्रेक धरला तर तो तापून लागेनासा होतो. फोर-लोच्या पहिल्या गिअरला इंजिनच गाडी मागे धरून ठेवते, ब्रेकला पाय लावावा लागत नाही. म्हणून "ऑल व्हील ड्राइव्ह" असे लिहिलेले पण लो-रेंज नसलेले काही आपल्या कामाचे नाही, ते कितीही महाग असो.

दुसरी गोष्ट डिफरन्शियलची. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून ॲक्सलच्या मधोमध ही यंत्रणा असते. तिची खोड अशी की एक चाक हवेत लटकले की सगळे फिरणे त्यालाच मिळते आणि जमिनीवरचे चाक गप्प उभे राहते. घळीत आडवे गेलात, एका बाजूचे पुढचे आणि दुसऱ्या बाजूचे मागचे चाक उचलले गेले, की फोर-बाय-फोरसुद्धा अडकते. त्यावर इलाज म्हणजे डिफरन्शियल लॉक. काही गाड्यांत फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून तेच काम थोडेफार करतात. गाडी पाहताना विचारा: लॉक आहे का, पुढे आहे की मागे, हाताने लागतो की आपोआप?

आणि एक सक्त सूचना चालकभावांसाठी. कोरड्या डांबरावर फोर-हाय लावून फिरू नका. अशा गाड्यांत पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांना बांधला जातो, वळणावर दोघांना वेगळे अंतर जायचे असते, डांबरावर चाक घसरत नाही, मग ताण पेटीवर येतो. उलट महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-चार किलोमीटर ती मुद्दाम लावून चालवा. वर्षभर न लावलेली दांडी नेमकी गरजेच्या रात्री हलत नाही.

आता गाड्या. थारचे कौतुक तरुण भावाने केले ते खोटे नाही. २०२० साली आलेली तीन दारांची थार जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच आहे आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असे कंपनी सांगते. पण तिच्यात माणसे चार, आणि मागे बसायला पुढची सीट वाकवून आत शिरावे लागते. नवव्या महिन्यातल्या बाईला तसे शिरायला सांगणार का? त्या शोमरोन्याने जखमीला स्वतःच्या जनावरावर बसवले, ही गोष्ट आपण दर रविवारी मुलांना सांगतो. जनावर कोणते होते हे आपण विचारत नाही, पण जखमी माणूस त्याच्यावर बसू शकला, एवढे नक्की. पाच दारांची थार रॉक्स २०२४ मध्ये आली, तिच्यात चढणे सोपे आहे, पण माणसे पाचच.

जिमनी मला मनापासून आवडते. हलकी, सुमारे बाराशे किलोची, अरुंद, फोर-लो असलेली. जिथे जड गाडी रुतते तिथे ती वरवरून निघून जाते, जुन्या जिप्सीसारखी. एकटी परिचारिका आणि लशींचा डबा एवढेच न्यायचे असते तर मी तीच मागितली असती. पण तिच्यातही चारच जागा.

फोर्सची गुरखा. पाच दारांची, २०२४ पासून मिळते. सात माणसे, डिझेल, २३३ मिलिमीटर उंची, ७०० मिलिमीटर पाणी, आणि पुढे-मागे दोन्हीकडे हाताने लावायचे डिफरन्शियल लॉक. आपल्याकडच्या काळ्या-पिवळ्या क्रूझर ज्या कंपनीच्या, तिचीच ही. गुरखा जड आहे, अवघडही आहे, आत बसून फार सुखही वाटत नाही. पण घळीच्या चढाचा विचार केला तर कागदावर तरी ही सर्वांत जवळची. स्कॉर्पिओ-एनचा फोर-बाय-फोर प्रकारही विचारात घ्यावा, सात जणांना ती जास्त आरामाची. फक्त तिच्यात इलेक्ट्रॉनिक भानगडी पुष्कळ. बोलेरो कॅम्परचाही फोर-बाय-फोर प्रकार येतो, पण मागे उघडा हौदा, पावसात माणूस निजवायचे कसे?

खालच्या केंद्रासाठी बोलेरोच. मागे पाटे, खाली चॅसी, गावातल्या कोणत्याही फिटरला तोंडपाठ. जमिनीपासून १८० मिलिमीटर आहे, खडीच्या वाटेला पुरते. बोलेरो निओच्या वरच्या प्रकारात मागे आपोआप लागणारे डिफरन्शियल लॉक मिळते, ते मिळाले तर फोर-बाय-फोरच्या खर्चाशिवाय निम्मे काम होते. ज्येष्ठ बंधूंना माझे हे उत्तर निम्मे तरी पटावे.

एक लक्षात ठेवा. ही जी उंची मिलिमीटरमध्ये सांगतात ती रिकाम्या गाडीची. सात माणसे, तांदळाचे दोन कट्टे आणि टपावर पत्रे लादले की गाडी खाली बसते. आणि दगडाला पहिल्यांदा लागतो तो मागच्या ॲक्सलचा मधला फुगीर भाग. पाण्याचा आकडासुद्धा उभ्या पाण्याचा आहे. वाहत्या पाण्याचे गणित वेगळे असते. दोन फूट जोराचे पाणी बहुतेक गाड्यांना सरळ उचलून नेते, मग तिला चार चाकांचा जोर असो की आठ. नाल्याशी आले की आधी काठी घेऊन माणसाने चालून पाहायचे. जिथे माणसाला पाय टिकवता येत नाही तिथे गाडी घालायची नाही. तळ दिसत नसेल, फरशी पुलाची कड दिसत नसेल, तर थांबायचे. गेलोच तर फोर-लोमध्ये, एका चालीने, मध्ये गिअर न बदलता. पलीकडे गेल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक मारून तो कोरडा करायचा. आणि पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा चावी फिरवायची नाही. पाणी आत ओढले गेले असेल तर त्या एका चावीत कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा, ट्रॅक्टर बोलवा.

टायरबद्दल मी कितीही बोलले तरी थोडेच. चाकाला जमीन धरता आली नाही तर बाकी सगळे लोखंड व्यर्थ. शोरूममधून येणारे टायर बहुधा हायवेचे असतात. आपल्याला ऑल-टेरेन हवेत, ज्यांच्या खाचा रुंद आणि बाजूची भिंत जाड. दगडी वाटेवर टायर तळाशी कमी आणि बाजूने जास्त फाटतो. अगदी दातेरी मड टायर नकोत, ते डांबरावर आवाज करतात, लवकर झिजतात आणि ओल्या डांबरी घाटात पकडही कमी देतात. शहादा-तळोद्याच्या काळ्या मातीत मात्र कोणताही टायर दोन फेऱ्यांत भरून गुळगुळीत होतो, तिथे फार मिजास करू नये, वाट सुकायची वाट पाहावी. हौसेने फार रुंद टायर लावू नका, चिखलात अरुंद टायर खाली जाऊन टणक जमीन शोधतो. वर दगडावर हवा पाच-सात पौंड कमी केली की पकड वाढते. पण मग गाडीत पंप हवाच, कारण तीच कमी हवा घेऊन डांबरावर पळालात तर टायर तापून फुटेल. आणि नवी गाडी १८ इंची चाकांची असेल तर तो टायर तालुक्याला मिळतो का, हे बयाणा देण्याआधी दुकानात जाऊन विचारा. नाशिकहून मागवायचा असेल तर दोन स्टेपन्या घ्याव्या लागतील, तो खर्च आत्ताच धरा.

दुरुस्तीचे एक नवे दुखणे आहे. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांना बीएस-६ लागू झाले. डिझेलच्या अशा गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात. ती तापली की काजळी आपोआप जळून जाते. पण आपली गाडी दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरला रांगते, जाळी तापतच नाही, आणि एक दिवस दिवा लागतो. तो दिवा लागला की पुढच्या सोमवारची वाट न बघता गाडी खाली आणून अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर साठच्या आसपास वीस मिनिटे सलग चालवायची. बाटलीतले, कॅनमधले सुटे डिझेल या गाड्यांत घालू नये. पूर्वीच्या जीपला चालून जायचे, हिला नाही.

आत निजवायची सोय. आपली गाडी रुग्णवाहिका नाही, हे स्पष्ट असू द्या. रुग्णवाहिकेसाठी एआयएस-१२५ हे वेगळे मानक आहे आणि वेगळी नोंदणी. जिथे १०८ येते तिथपर्यंत माणूस पोचवणे, एवढेच आपले काम. पण त्या ११ किलोमीटरमध्ये त्याला आडवे होता आले पाहिजे. मधली सीट दुमडून झोळीचा बांबू तिरका का होईना आत बसतो का, हे मी मोजपट्टी घेऊन पाहणार आहे. विकणाऱ्यांना हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला जाईल.

गाडीबरोबर फावडे, चार रिकामी पोती, दोन फळ्या, नायलॉनचा पट्टा आणि चाकाखाली द्यायला लाकडी ठोकळे. लोखंडी साखळीने झटका देऊन ओढू नका, तुटली तर माणूस मरतो. आणि निधीत चालकाच्या प्रशिक्षणाचे पैसे धरा, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. ते धरले नाहीत तर मी अंदाजपत्रकावर सही करणार नाही, हे मी अध्यक्षांना सांगितले आहे. फोर-बाय-फोर न शिकलेला चालक साध्या गाडीपेक्षा पुढे जातो आणि मग जिथे ट्रॅक्टरही येत नाही तिथे रुततो.

अजून गाडी ठरलेली नाही. गुरखा आणि स्कॉर्पिओ-एन अशा दोन्ही पाहायच्या आहेत. शोरूमवाले डांबरावर एक चक्कर मारून देतात, त्याचा उपयोग नाही. म्हणून दोन्ही गाड्यांचे मालक शोधले आहेत, दोघे आपल्या ओळखीचे. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते गाड्या घेऊन वर येतील, एका वळवाच्या सरीनंतर मिळाले तर फारच छान. घळीचा चढ, सात माणसे, दोन कट्टे तांदूळ. चढ आणि उतार, दोन्ही. वजनासाठी माणसे हवी आहेत, तेव्हा ज्यांची तब्येत चांगली आहे अशा भावांनी आपली नावे आजच ऑफिसात द्यावीत. ज्येष्ठ बंधूंनाही माझे आमंत्रण आहे. पुढच्या सीटवर बसवेन, आणि जेवण पाड्यावर होईल, भाकरी आणि उडदाची डाळ.